एका सेकंदाचे २४० तुकडे

रात्रीचे अडीच वाजलेले. मेसच्या मागची कुत्रीसुद्धा भुंकून दमली होती, आणि माझ्या लॅपटॉपवर मामांचा घण हवेत अडकला होता. स्पेसबार दाबला की घण चार बोटं खाली यायचा, थांबायचा, आणि मग एकदम ऐरणीवर! मधलं सगळं गायब. ज्या क्षणासाठी एवढा खटाटोप केला, तोच नेमका लॅपटॉप गिळून टाकत होता.

"झोप आता," रूममेट पांघरुणातून म्हणाला. "घण सकाळी पडेल."

पण घण सकाळीही पडला नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. तो पडायला तब्बल चार रात्री गेल्या. त्या चार रात्रींची ही गोष्ट.

आमच्या कॉलेजात वर्कशॉपला गेलेल्या प्रत्येकाला स्मिथीतले मामा माहीत आहेत. फर्स्ट इयरला गोल सळईची चौकोनी करताना ज्याच्या हाताला फोड आले नाहीत असा विद्यार्थी विरळा, आणि "बाळा, हातोडा मार, देवपूजा करू नको" हे ज्याने ऐकलं नाही असाही विरळाच. जॉब बिघडला की आपण हातोड्याला, भट्टीला, नाहीतर शेजारच्याला दोष देतो. मामा व्हर्नियर पुढे करायचे आणि म्हणायचे, "आधी माप घे, मग हातोड्याला शिव्या दे." माप घेतलं की बहुतेक वेळा चूक आपलीच निघायची. तेव्हा या वाक्याचा फार राग यायचा.

३२ वर्षं मामांनी तिथे घण मारला. ३१ जानेवारीला ते रिटायर होणार होते. शाल, श्रीफळ, भाषणं हे कॉलेज करणारच होतं. आम्ही फायनल इयर मेकॅनिकलच्या पोरांनी ठरवलं, आपण चार मिनिटांची एक फिल्म करू. एडिटिंग कोण करणार? गॅदरिंगचा व्हिडिओ मी एकदा जोडला होता (गाणं एकीकडे, नाच दुसरीकडे!). तेवढ्या भांडवलावर मी एडिटर झालो.

२४ तारखेला संध्याकाळी स्मिथीच्या शेडमध्ये मामांची छोटी मुलाखत घेतली. शेवटी मी विचारलं, "मामा, एवढी वर्षं घण मारलात. काही बघायचं, करायचं राहिलं का?"

मामांनी थोडा विचार केला. "एक ऱ्हायलंय. घण लोखंडावर बसतो ना, तो टाइम मी कधी बघितलाच न्हाई. ठिणगी उडती, डोळं आपसूक मिटतात. उघडलं की काम झालेलं असतंय."

मी आणि रूममेटने एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्याही डोक्यात एकच गोष्ट आली. रूममेटच्या नव्या फोनमध्ये सेकंदाला २४० फ्रेम घ्यायची सोय आहे. मामांना तो क्षण दाखवायचा! तिथल्या तिथे भट्टी पेटली होतीच. सांडशीत सळई धरून मी बसलो, मामांनी घण उचलला, रूममेटने फोन स्टँडवर लावला. सात-आठ घाव झाले. फोनवर बघितलं तर काय सुंदर दिसत होतं! ठिणग्या फुलबाजीसारख्या संथ तरंगत होत्या. मामांना मात्र आम्ही दाखवलं नाही. म्हटलं, एकदम मोठ्या पडद्यावरच बघू देत.

इथवर सगळं छान. मग क्लिप लॅपटॉपवर घेतली, एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली, आणि सुरुवातीला सांगितलं ते सुरू झालं.

हॉस्टेलवर आजारी माणसाला आणि आजारी लॅपटॉपला डॉक्टरांची कमतरता कधीच नसते. समोरच्या खोलीतला अकोलेकर आला. "तुह्यावाल्या लॅपटॉपात रॅम किती हाय बे? आठ? मंग कसं चालंल!" वरच्या मजल्यावरचा कॉम्प्युटरवाला आला, म्हणाला ग्राफिक्स कार्ड नवीन घे (हे तो मेसचं बिल भरा म्हटल्यासारखं सहज म्हणाला). तिसऱ्याने सांगितलं हार्ड डिस्क स्लो आहे, चौथ्याने सांगितलं व्हायरस आहे, पाचव्याने सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकायला सांगितलं. मी पाचही उपाय ऐकले. मित्राच्या लॅपटॉपमधली रॅम काढून माझ्यात घातली, आठची सोळा केली. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. २५ तारखेची रात्र त्यात गेली आणि सकाळी झेंडावंदनाला मी उभ्या उभ्या पेंगत होतो. घण होता तिथेच, हवेत.

झेंडावंदनानंतर जिलेबी खाताना मामांचं ते वाक्य आठवलं. आधी माप घे. आपण एक तरी माप घेतलं होतं का? नाही! सगळे अंदाज.

मग पहिलं माप घेतलं. क्लिप चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडला. सोळापैकी जेमतेम सहा जीबी रॅम वापरात. म्हणजे अकोलेकर बाद. डिस्क दहा टक्क्यांच्या आत. क्लिप ४० सेकंदांची आणि ३२० एमबीची, म्हणजे सेकंदाला आठच एमबी वाचायचे होते. तेवढं तर जुनी हार्ड डिस्कही झोपेत वाचेल. तिसराही बाद. आणि प्रोसेसर? शंभर टक्के! पंखा असा घोंघावत होता की लॅपटॉप उडतोय की काय. दुखणं कुठे आहे ते दोन मिनिटांत कळलं. ज्यासाठी एक अख्खी रात्र घालवली ते दोन मिनिटांत!

आता प्रोसेसर एवढं काय करत होता? याचं उत्तर मेसच्या वहीतून देता येईल. मेसचा सेक्रेटरी रोज जेवणाऱ्या सगळ्यांची यादी लिहीत बसत नाही. एक तारखेला पूर्ण यादी लिहितो, आणि मग रोज फक्त बदल: अमुक गावाला गेला, तमुक आला, कोणाचा पाहुणा वाढला. वही आटोपशीर राहते. पण १७ तारखेला जेवायला कोण कोण होतं असं विचारलं, तर त्याला एक तारखेपासून वाचत यावं लागतं. फोन व्हिडिओ असाच लिहितो. एक फ्रेम पूर्ण, आणि पुढच्या अनेक फ्रेमचे फक्त बदल. म्हणून ४० सेकंद ३२० एमबीत मावतात. नाहीतर हिशेब करून बघा: १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे एका फ्रेमचे सुमारे ६२ लाख बाइट. अशा २४० फ्रेम म्हणजे सेकंदाला जवळजवळ दीड जीबी! फोन ते दाबून दाबून आठ एमबीत बसवतो, आणि उलगडायचं काम आपल्या प्रोसेसरच्या गळ्यात पडतं. साध्या २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम उलगडायला त्याला ४० मिलिसेकंद मिळतात. २४० मध्ये मिळतात फक्त चार. त्यात एचईव्हीसी नावाची २०१३ साली प्रमाण ठरलेली जी नवी पद्धत फोन वापरतात, ती आधीच्या एच.२६४ पेक्षा जागा कमी घेते, पण उलगडायला जास्त कष्ट घेते. सामान नीट घडी घालून भरलेली बॅग उघडावी तसं.

सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये उलगडायचं काम ग्राफिक्स चिपकडे द्यायची खूण होती, ती बंदच होती. चालू केली. फरक पडला, पण घण अजून तीनदा अडखळतच होता.

मग मला वाटलं, वहीच बदलू. रोजच्या रोज पूर्ण यादी लिहिणारी वही घेऊ. अशा व्हिडिओच्या पद्धती आहेत. ॲपलची प्रोरेस त्यातलीच, २००७ ची. प्रत्येक फ्रेम स्वतंत्र, मागचं काही वाचायला नको. एफएफएमपेग नावाचं फुकटचं साधन आहे, त्याने रात्रभर क्लिप बदलायला लावली आणि मी चक्क झोपलो. सकाळी बघतो तर ३२० एमबीच्या फाईलचे सहा जीबी झालेले! लावून बघितलं. प्रोसेसर निवांत. आणि घण? पुन्हा अडकला!

मी डोक्याला हात लावला. पण यावेळी निदान शहाणपण एवढं होतं की शिव्या देण्याआधी माप घेतलं. आता डिस्क शंभर टक्के. प्रोरेस ४२२ ला १०८० च्या चित्राला २९.९७ फ्रेमवर सेकंदाला १४७ मेगाबिट लागतात. माझ्या फ्रेम आठपट, म्हणून गरज आठपट, ती बाइटमध्ये मोजली तर सेकंदाला जवळजवळ १४७ एमबी. आणि माझी पोर्टेबल हार्ड डिस्क कशीबशी शंभर देते. दुखणं डोक्यातून निघून पायात उतरलं होतं, एवढंच! आदल्या रात्री जो उपाय चुकीचा होता (डिस्क स्लो आहे), तो आज बरोबर ठरला होता. रोग्याला न तपासता औषध सांगणारा कधीतरी बरोबर निघतो, तो असा.

२७ तारखेची दुपार मी लेक्चरला मागच्या बाकावर बसून फक्त एका प्रश्नावर घालवली. मला सेकंदाला २४० फ्रेम बघायच्यात कशाला? माझ्या लॅपटॉपचा पडदा सेकंदाला ६० वेळा बदलतो. सेमिनार हॉलचा प्रोजेक्टरही तेवढाच. २४० मधल्या १८० फ्रेम तर कोणाला दिसणारच नाहीत. मला हवं होतं ते उलट: त्या फ्रेम एकेक करून, सावकाश.

म्हणजे चूक मुळातच होती. क्लिप पहिल्यांदा टाकली तेव्हा सॉफ्टवेअरने विचारलं होतं, टाइमलाइन या क्लिपप्रमाणे करू का? मी न वाचता 'हो' म्हटलं होतं (हॉस्टेलच्या फॉर्मवर सही करतो तसं). टाइमलाइन झाली २४० ची. त्यावर मी क्लिपचा वेग दहा टक्के केला. आता सॉफ्टवेअरला सेकंदाला खऱ्या फ्रेम मिळतात २४ आणि भरायच्यात २४०. मधल्या फ्रेम आणायच्या कुठून? 'हालचाल गुळगुळीत करा' अशा अर्थाचा पर्याय मी हौसेने लावला होता. त्यामुळे सॉफ्टवेअर दोन खऱ्या फ्रेमकडे बघून मधल्या नऊ स्वतःच्या मनाने रंगवत बसलं होतं! प्रोसेसरचा जीव जाणार नाही तर काय? एक-दोन ठिकाणी थांबवून बघितलं तर घणाचा दांडा मेणासारखा वितळलेला, आणि मामांच्या एका हाताला सहा बोटं. आणि हे मी मामांना 'बघा, हा तो क्षण' म्हणून दाखवणार होतो! ज्या माणसाला खरा क्षण बघायचा होता त्याला कॉम्प्युटरच्या कल्पनेतला!

सगळं पुसलं. नवीन प्रोजेक्ट, टाइमलाइन २५ ची. क्लिपच्या गुणधर्मांत जाऊन सांगितलं, ही २४० ची नाही, २५ ची समज. या सोयीला 'इंटरप्रिट फुटेज' म्हणतात आणि बहुतेक सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये ती कुठे ना कुठे असते. आता एकही फ्रेम खोटी नाही, एकही गाळलेली नाही. एकामागून एक सगळ्या खऱ्या. २४० भागिले २५, म्हणजे ९.६. एक सेकंद ९.६ सेकंद चालणार. डिस्कला आता सेकंदाला १४७ ऐवजी १५ एमबी द्यायचे, प्रोसेसरला २४० ऐवजी २५ फ्रेम. स्पेसबार दाबला… आणि घण पडला! अगदी संथ, डौलात, अख्खा. मी ओरडलो, रूममेट दचकून उठला, आणि शेजारच्या खोलीतून भिंतीवर बुक्की पडली.

मामा बोलतात त्या साध्या वेगाच्या तुकड्यात आवाज ओठांच्या मागे पडत होता. तेही मोजून सुटलं. मीडियाइन्फो या छोट्या प्रोग्रॅममध्ये फाईल उघडली तर फ्रेम रेटसमोर 'व्हेरिएबल' लिहिलेलं. फोन नेमका ठरलेला वेग पाळतोच असं नाही, उजेड कमी झाला की फ्रेमही कमी-जास्त करतो. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला ते मानवत नाही. त्या क्लिप एफएफएमपेगने स्थिर २५ वर आणल्या, ओठ आणि शब्द पुन्हा एकत्र नांदायला लागले.

वाटलं, संपलं. २८ च्या रात्री पूर्ण फिल्म बाहेर काढून निवांत बघायला बसलो. आणि घाव पडतानाच्या तुकड्यात चित्र थरथरत होतं. अडकत नव्हतं, पण काहीतरी फडफडत होतं. रूममेट म्हणाला, "भट्टीची आग आहे रे, लखलखणारच." मलाही दोन मिनिटं पटलं. पटवून घ्यावंसं वाटत होतं ना! पण भिंतीवर आग कशी लखलखेल? भट्टी तर त्या भिंतीपासून लांब होती.

म्हणून पुन्हा माप. बाणाच्या कळीने एकेक फ्रेम पुढे घेत भिंतीचा उजेड वहीत लिहीत गेलो: उजळ, अंधार, मध्यम, उजळ… आग असती तर क्रम वेडावाकडा आला असता. हा क्रम बरोबर दर १२ फ्रेमनंतर पुन्हा तोच येत होता. १२ फ्रेम म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. आणि तिथे ट्यूब पेटली. म्हणजे खरोखरच ट्यूब! आपली वीज ५० हर्ट्झची. चोकवाली ट्यूबलाइट प्रत्येक आवर्तनात दोनदा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. डोळ्यांना ते कळत नाही. कॅमेऱ्याला कळतं. १०० ला २४० ने नीट भाग जात नाही, पण १२ फ्रेममध्ये बरोबर पाच लुकलुकी बसतात. आणि वेग ९.६ पट कमी केला की शंभराच्या होतात साधारण दहा, त्या मात्र कोणालाही दिसतात. ६० हर्ट्झच्या अमेरिकेत हेच १२० फ्रेमवर घेतलं असतं तर तिथल्या ट्यूबच्या १२० लुकलुकींशी बरोबर जुळलं असतं. आपल्या ५० हर्ट्झला १०० फ्रेम जुळतात, पण रूममेटच्या फोनमध्ये १०० नव्हत्याच.

याला एडिटिंगमध्ये उपाय शोधण्यापेक्षा पुन्हा शूट करणंच सरळ होतं. पण म्हणजे मामांना पुन्हा घण उचलायला सांगायचं.

३० तारखेला सकाळी मामा ऑफिसच्या व्हरांड्यात नो ड्यूजचा कागद घेऊन बसले होते. आपण फायनल इयरला सह्या गोळा करत फिरतो तसेच तेही फिरत होते. ३२ वर्षांनी! मी अडखळत सगळं सांगितलं. ट्यूब, ५० हर्ट्झ, १२ फ्रेम. मामा शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी माप घेतलंस."

"घेतलं मामा."

"मग चल. पण खांदा धरलाय माझा. तीन घाव मारीन. चौथा न्हाई."

मी म्हटलं, शेडच्या बाहेर उन्हात करू, उजेड भरपूर. मामांनी मान हलवली. "उन्हात लोखंडाचा रंग कळत न्हाई पोरा. भट्टी सावलीत असती ती उगाच न्हाई. तांबडं हाय का पिवळं ते डोळ्याला दिसाय पायजे." आता? ट्यूब नकोत, ऊन नको, आणि २४० फ्रेमला तर उजेड जास्तच लागतो, कारण प्रत्येक फ्रेमला सेकंदाच्या २४० व्या भागापेक्षा जास्त वेळ मिळतच नाही. शेवटी आमच्या बाहा टीमवाल्यांनी सोडवलं. त्यांच्याकडे १२ व्होल्टची बॅटरी होती आणि गाडीचे जुने हॅलोजनचे दोन दिवे. बॅटरीचा करंट डीसी, एका दिशेचा, त्यात आवर्तनच नाही. लुकलुकायचा प्रश्नच नाही! शेडच्या ट्यूब बंद केल्या, खिडक्या उघडल्या, दोन दिवे बाजूने लावले. दिव्यांना जागा करायला फोन दोन हात मागे न्यावा लागला, त्यामुळे ऐरणीबरोबर मामांचा आणि माझा चेहराही चौकटीत आला.

सळई लाल झाली, मग केशरी. मी सांडशीत धरून ऐरणीवर ठेवली. डोळ्यांवर पारदर्शक चष्मे. पहिला घाव पडला आणि रूममेट म्हणाला, "सॉरी, बटण दाबलंच गेलं नाही." मामांनी त्याच्याकडे जो कटाक्ष टाकला, तो फर्स्ट इयरला सगळ्यांनी पाहिलेला आहे. दुसरा घाव. तिसरा. मामांनी घण खाली टेकवला आणि दांड्यावरून एकदा हात फिरवला. पुन्हा त्यांनी तो उचलला नाही.

त्या रात्री सगळं अर्ध्या तासात झालं. २५ ची टाइमलाइन, २५ ची समज, एकही खोटी फ्रेम नाही, भिंत स्थिर. मी दुसऱ्या घावाच्या फ्रेम एकेक करून बघायला लागलो. घण लोखंडाला टेकला ती एकच फ्रेम. पुढच्या फ्रेममध्ये सळईवरची काळी पापडी तडकून सुटली होती. त्याच्या पुढच्यात ठिणग्या. मग माझं लक्ष चेहऱ्यांवर गेलं.

मामांचे डोळे उघडे होते.

मी मागे गेलो, पुढे गेलो, तिसरा घावही तपासला. टेकायच्या आधी, टेकताना, टेकल्यावर, प्रत्येक फ्रेममध्ये मामांचे डोळे उघडे, सळईवर रोखलेले. आणि सांडशी धरलेल्या त्या शहाण्याचे डोळे? घण टेकायच्या सात फ्रेम आधीच गच्च मिटलेले, आणि टेकल्यावर ४१ फ्रेम तसेच! एकूण ४८ फ्रेम, सेकंदाचा पाचवा भाग. वर दात ओठांवर दाबलेले.

हलणाऱ्या गोष्टीचे तुकडे करून बघायची माणसाची खोड जुनी आहे. धावत्या घोड्याचे चारही पाय एकदम जमिनीपासून सुटतात का, हे साध्या डोळ्यांना दिसत नव्हतं. म्हणून १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिजने अमेरिकेत ओळीने कॅमेरे लावून ते दाखवून दिलं: सुटतात. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ च्या सुमारास याच्या उलट केलं. कुंडीतल्या वाटाण्याचं थोडं थोडं चित्रण रोज करून त्याची महिनाभराची वाढ क्षणात दाखवली. दोघांचं म्हणणं एकच होतं असं मला त्या रात्री वाटलं. डोळ्यांना वाटतं ते निराळं आणि घडतं ते निराळं असू शकतं. मामांनाही ३२ वर्षं वाटत होतं की आपले डोळे मिटतात. अकोलेकराला वाटत होतं रॅम कमी आहे. मला वाटत होतं लॅपटॉप भंगार आहे.

३१ ला दुपारी चार वाजता सेमिनार हॉल भरला. भाषणं झाली, शाल झाली, नारळ झाला. मग दिवे घालवले. मुलाखतीत मामा पडद्यावर म्हणाले, "तो टाइम मी कधी बघितलाच न्हाई." आणि लगेच तो घाव. हॉलमध्ये फक्त प्रोजेक्टरच्या पंख्याचा आवाज. घण आला, टेकला, पापडी उडाली, ठिणग्या पसरल्या. मग पोरांना माझा चेहरा दिसला आणि जो हशा उठला, तो मी अजून विसरलेलो नाही. (आजही मेसमध्ये मी आलो की कोणीतरी डोळे गच्च मिटून दात ओठांवर दाबतं.)

पहिल्या रांगेत मामा हसत नव्हते. फिल्म संपल्यावर ते उठून माझ्याजवळ आले. "त्येवढंच पुन्यांदा लाव."

पुन्हा लावलं. "अजून एकदा. आन तिथं थांबव." मी बरोबर त्या फ्रेमवर थांबवलं. मामा पडद्याच्या अगदी जवळ गेले, नारळ तसाच हातात धरून. स्वतःच्या डोळ्यांकडे बघत राहिले. प्रिन्सिपल सर, वर्कशॉप सुपरिंटेंडेंट, सगळे गप्प.

"म्हंजी," मामा सावकाश म्हणाले, "इतकी वर्षं मी बघतच व्हतो की."

एवढं बोलून ते जागेवर जाऊन बसले. शालीच्या टोकाने चष्मा पुसला. पुढचं आभारप्रदर्शन कोणी केलं, काय केलं, मला काही आठवत नाही.

आता ज्युनियर्ससाठी कामाचं. फुटेज अडकलं की आधी टास्क मॅनेजर उघडा आणि बघा प्रोसेसर भरलाय, डिस्क भरलीय की रॅम. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणार नाही. संथ दाखवायचं असेल तर टाइमलाइन २५ ची ठेवा आणि क्लिपला २५ ची समजायला लावा. साध्या वेगाने चालवायचं असेल आणि लॅपटॉप दमत असेल तर लहान आकाराच्या प्रॉक्सी बनवून त्यावर काम करा, शेवटी मूळ क्लिप जोडा. फ्रेम रेट व्हेरिएबल असेल तर आधी स्थिर करून घ्या. ट्यूबखाली २४० वर शूट करू नका. आणि सॉफ्टवेअर काही विचारत असेल तर 'हो' म्हणण्याआधी वाचा!

तरीही अडलं तर माझ्या रूमवर कधीही या. रात्री अडीचलासुद्धा चालेल. फक्त माप घेऊन या.